‘कोणतं चर्च?’ हा प्रश्न विचारायला लावणारा वादविवाद संच

वडोदऱ्यात मराठी वादविवादासाठी तयार साहित्य मिळणं कठीण. इथल्या मराठी घरांतली मुलं शिकतात इंग्रजीत, रस्त्यावर बोलतात गुजरातीत आणि गणेशोत्सवातल्या स्पर्धेत मात्र मराठीत उभी राहतात. त्यांना मुद्दे सुचतात, पण ‘उद्देशिका’, ‘कलम’, ‘अनुदान’ हे शब्द ऐन वेळी आठवत नाहीत. एका स्थानिक मुद्रकाने काढलेला, रावपुऱ्यातल्या काही पुस्तकांच्या दुकानांत साडेसहाशे रुपयांना मिळणारा पत्त्यांचा संच ही अडचण बऱ्यापैकी भागवतो. विषय एकच: एखाद्या देशाने ख्रिस्ती धर्म अधिकृत धर्म म्हणून स्वीकारावा का? संच घेण्यासारखा आहे. पण चार-पाच पत्ते दुरुस्त केल्याशिवाय तो मुलांच्या हातात देऊ नका. कोणते आणि कसे, ते पुढे येतंच.

पेटीत ४८ देशपत्ते, १२ प्रश्नपत्ते, पुठ्ठ्याचा एक पट, वाळूचं घड्याळ आणि २० पानांची पुस्तिका आहे. पटावर सहा रकाने आहेत: घटनेतला मजकूर, पैसा, पदं, शाळा, न्यायालय आणि बाहेर पडण्याची वाट (म्हणजे अधिकृत दर्जा काढून घेणं). दोन्ही बाजूंना तीन-तीन वक्ते. प्रत्येक बाजूने सात देशपत्ते उचलायचे आणि त्या देशातली नेमकी तरतूद ज्या रकान्यात बसते तिथे पत्ता ठेवायचा. मग प्रतिपक्षाने एक प्रश्नपत्ता टाकायचा आणि त्याचं उत्तर पटावरच्या पत्त्यांमधूनच द्यायचं. पटावर नसलेला देश भाषणात आणला तर गुण कापले जातात. हा नियम फार चांगला, कारण ‘युरोपात असं असतं’ अशी मोघम वाक्यं तिथेच गळून पडतात. पूर्ण डावाला सव्वा तास धरा. पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलांना सातऐवजी चारच पत्ते द्या, नाहीतर अर्धा वेळ पत्ते वाचण्यातच जातो.

या सहा रकान्यांमुळेच संच उजवा ठरतो. अधिकृत धर्म म्हणजे एकच गोष्ट समजून मुलं ‘हो’ किंवा ‘नाही’ वर उड्या मारतात. प्रत्यक्षात घटनेत एक ओळ असणं, पाद्र्यांचा पगार तिजोरीतून जाणं, राजा विशिष्ट पंथाचा असावा अशी अट असणं आणि शाळेत प्रार्थना सक्तीची असणं या चार निराळ्या गोष्टी आहेत. एका देशात त्यातल्या दोन असतात, दुसऱ्यात वेगळ्याच दोन. इंग्लंडचा पत्ता बघा. तिथे चर्च ऑफ इंग्लंड अधिकृत आहे, राजा त्याचा सर्वोच्च शासक (सुप्रीम गव्हर्नर) आहे, २६ बिशप संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात बसतात आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत रोज मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची सामूहिक उपासना व्हावी असा कायदा आहे. पालकांना आपलं मूल तिच्यातून वगळता येतं. पण तिथल्या पाद्र्यांचा पगार सरकार देत नाही. म्हणजे ‘पदं’ आणि ‘शाळा’ हे रकाने भरलेले, ‘पैसा’ जवळजवळ रिकामा. ग्रीसचा पत्ता त्याच्याशेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो. १९७५च्या घटनेतल्या तिसऱ्या कलमात पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंथाला देशातला ‘प्रचलित धर्म’ म्हटलं आहे आणि पाद्र्यांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात.

बारा प्रश्नपत्त्यांमध्ये सगळ्यात दमदार पत्ता दोनच शब्दांचा आहे: ‘कोणतं चर्च?’ अनुकूल बाजूची खरी परीक्षा इथे होते, आणि हा प्रश्न पुरेसा न हाताळणारा वक्ता विषय समजलेला नाही असं आम्ही मानतो. ‘ख्रिस्ती धर्म अधिकृत’ असं म्हणायला सोपं आहे, पण कायद्यात लिहायला बसलं की एका चर्चचं नाव तरी घालावं लागतं, नाहीतर वाक्य इतकं सैल ठेवावं लागतं की त्यातून कुणाला काहीच मिळत नाही. डेन्मार्कने नाव घातलं: इव्हँजेलिकल लुथरन. माल्टाने घातलं: रोमन कॅथलिक अपोस्टोलिक. नाव घातलं की त्याच क्षणी बाकीचे ख्रिस्ती बाहेर पडतात. आपल्या वडोदऱ्यातच कॅथलिक, मेथडिस्ट आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अशी वेगवेगळी चर्चेस आहेत. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या बऱ्याच प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापलं, तेव्हाही मेथडिस्टांचा मोठा गट बाहेरच राहिला. इतकी वर्षं शेजारी राहणाऱ्या आणि आपसात सलोख्याने बोलणाऱ्या पंथांना जे एका छत्राखाली आणता आलं नाही, ते सरकारने कायद्याच्या एका ओळीत करायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

इतिहासात याचा पुरावा सगळ्यात जुन्या पत्त्यावर मिळायला हवा होता, पण संचातली सगळ्यात मोठी चूक नेमकी तिथेच आहे. रोमच्या पत्त्यावर लिहिलंय, ‘सन ३१३: सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्म अधिकृत केला.’ हे चूक. ३१३ मध्ये मिलान इथे ठरलं ते ख्रिस्ती लोकांना आणि इतर सर्वांनाही उपासनेची मोकळीक देण्याचं, जप्त मालमत्ता परत करण्याचं. कॉन्स्टंटाइनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, अगदी मृत्यूच्या आधी. अधिकृत धर्माची आज्ञा निघाली २७ फेब्रुवारी ३८० रोजी, थेस्सलोनिका इथून, थिओडोसियस, ग्रेशियन आणि दुसरा व्हॅलेंटिनियन या तीन सम्राटांच्या नावाने. त्या आज्ञेत नुसतं ‘ख्रिस्ती व्हा’ असं नव्हतंच. रोमचे बिशप डॅमॅसस आणि अलेक्झांड्रियाचे बिशप पीटर ज्या श्रद्धेचं पालन करतात तीच खरी, बाकीचे पाखंडी, असं तिचं म्हणणं होतं. पहिला फटका बसला तो येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथीयांना, म्हणजे ख्रिस्ती लोकांनाच. पुढे ३८५च्या सुमारास ट्रियर इथे प्रिसिलियन या बिशपला मृत्युदंड झाला. आरोप कागदोपत्री जादूटोण्याचा होता, मूळ भांडण श्रद्धेचं होतं. अधिकृत ठरल्यावर पाचेक वर्षांत सरकारने ख्रिस्ती बिशपचाच जीव घ्यावा, हा मुद्दा प्रतिकूल बाजूकडे असायलाच हवा. चुकीच्या पत्त्यामुळे तो हातचा जातो. पत्त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून दोन्ही सनावळ्या नव्याने लिहा: ‘३१३: मोकळीक. ३८०: अधिकृत.’

ख्रिस्ती धर्म अधिकृत करण्याचा पहिला मान रोमचा नाही, हेही पुस्तिकेत यायला हवं होतं. परंपरेने ३०१ सालचा मान आर्मेनियाकडे जातो: राजा तिसरा टिरिडेटिस आणि धर्मगुरू ग्रेगरी. बरेच अभ्यासक ३१४ च्या आसपासची तारीख धरतात, म्हणून भाषणात ‘चौथ्या शतकाच्या आरंभी’ म्हणावं, कुणी खोडून काढू शकत नाही. आजच्या आर्मेनियाची घटना मोठी रंजक आहे. ती धार्मिक संघटना राज्यापासून वेगळ्या आहेत असं सांगते आणि पुढच्याच कलमात आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चला राष्ट्रीय चर्च म्हणून वेगळं स्थान देते. अनुकूल बाजूने हा पत्ता ‘घटनेतला मजकूर’ या रकान्यात लावावा. प्रतिकूल बाजूने वाट न बघता आधीच त्याच्यावर हात ठेवावा, कारण तो दोन्हीकडे चालतो.

डेन्मार्कचा पत्ता हा या संचाचा नमुना म्हणून कुणालाही दाखवावा असा आहे. वर १९५३ची घटना, चौथं कलम: लुथरन चर्च हे लोकांचं चर्च आणि राज्य त्याला आधार देईल. खाली सहावं कलम: राजा त्याच चर्चचा सभासद असला पाहिजे. उजवीकडे पैशाचा चौकोन: सभासद चर्चकर भरतात, तो नगरपालिकेप्रमाणे बदलतो. शिवाय पाद्र्यांच्या पगाराचा ४०% भाग सरकार सर्वसाधारण करातून देतं, म्हणजे तो भाग सभासद नसलेलाही भरतो. हा शेवटचा तपशील सोन्यासारखा आहे, आणि पत्त्यावर तो सगळ्यात बारीक अक्षरात छापलाय. मागच्या बाजूला ‘गृहपाठ’ म्हणून एक प्रश्न आहे: चर्चचा कारभार कोण ठरवतं? उत्तर पुस्तिकेत मिळतं. घटनेच्या ६६व्या कलमाने चर्चची स्वतंत्र नियमावली कायद्याने करायचं वचन दिलं होतं, ती आजवर झालेली नाही आणि त्यामुळे निर्णय संसद घेते. २०१२ मध्ये समलिंगी जोडप्यांची लग्नं चर्चमध्ये लावण्याचा कायदा तिथल्या संसदेने केला. व्यक्तिशः पाद्र्याला नकार देता येतो, पण विधीचा निर्णय संसदेचा. तो निर्णय पटो वा न पटो, तो घेतला कुणी, हे महत्त्वाचं.

इंग्लंडच्या पत्त्यावर याच जातीचं याहून ठसठशीत उदाहरण यायला हवं होतं, ते राहिलंय. चर्चने आपलं प्रार्थनापुस्तक सुधारून घेतलं, स्वतःच्या सभेत मंजूरही केलं. पण ब्रिटिश कॉमन्स सभागृहाने ते डिसेंबर १९२७ मध्ये आणि दुरुस्त्या करून आणल्यावर पुन्हा जून १९२८ मध्ये फेटाळलं. मत देणाऱ्यांत त्या चर्चचे नसलेले, स्कॉटलंडमधले प्रेस्बिटेरियन खासदारही होते. आपण कोणत्या शब्दांत प्रार्थना करायची याची परवानगी ज्या धर्माला निवडून आलेल्या पुढाऱ्यांकडून घ्यावी लागते, त्या धर्माला राज्याश्रयाने काय मिळालं? आमच्या मते ख्रिस्ती धर्मावर खरं प्रेम असणाऱ्यानेच या प्रस्तावाला सगळ्यात आधी विरोध करावा. ही बाजू पुस्तिकेत अर्ध्या पानात उरकलीय, तिला चार पानं द्यायला हवी होती.

झांबिया आणि सामोआ हे दोन पत्ते जोडीने खेळायचे. झांबियात अध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा यांनी २९ डिसेंबर १९९१ रोजी देश ख्रिस्ती राष्ट्र असल्याचं जाहीर केलं. १९९६ मध्ये ते घटनेच्या उद्देशिकेत आलं आणि २०१६च्या दुरुस्तीनंतरही तिथेच आहे, विवेकस्वातंत्र्याच्या हमीसह. पण त्याच घटनेच्या चौथ्या कलमात देश बहुधर्मीय असल्याचंही लिहिलंय! सामोआत हे आधी उद्देशिकेत होतं. २०१७ मध्ये ते पहिल्याच कलमात घेतलं: सामोआ हे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावर स्थापलेलं ख्रिस्ती राष्ट्र आहे. उद्देशिका आणि कलम यांतला फरक मुलांना इथे शिकवा. उद्देशिकेवरून सहसा थेट दावा उभा राहत नाही, ती कलमांचा अर्थ लावायला कामी येते. कलमावरून दावा लढवता येतो. अनुकूल बाजू ‘झांबियात काय बिघडलं?’ असं विचारते तेव्हा उत्तर तयार ठेवा: तिथे बरंचसं उद्देशिकेत अडकून पडलंय, म्हणून. आणि त्याच उत्तराचा दुसरा अर्थ असा की, ज्या घोषणेने काहीच बदलत नाही ती करायची कशाला?

‘पैसा’ हा रकाना संचाची कमकुवत बाजू आहे, कारण टक्के दिलेत पण कशाचे ते दिलं नाही. जर्मनीच्या पत्त्यावर ‘चर्चकर ८ ते ९%’, डेन्मार्कच्या पत्त्यावर ‘१%च्या आत-बाहेर’ आणि इटलीच्या पत्त्यावर ‘०.८%’. मुलं लगेच म्हणतात, जर्मनी नऊपट लुटतो. असं नाही. जर्मनीत हा दर उत्पन्नावर नसून आयकराच्या रकमेवर आहे (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८%, इतरत्र ९%). करपात्र उत्पन्न १०० आणि त्यावरचा आयकर २० धरला तर ९% म्हणजे १.८०. डेन्मार्कचा दर थेट करपात्र उत्पन्नावर, म्हणजे १००वर साधारण १. इटलीत तर करदाता जादा काहीच भरत नाही. भरलेल्या आयकरातला ०.८% भाग राज्याला जावा की एखाद्या मान्य धर्मसंस्थेला, एवढंच तो सांगतो. तीन पत्ते, तीन वेगळे पाये. तिन्हींवर पेनने ‘कशाचे?’ हे उत्तर लिहून टाका.

जर्मनीचा पत्ता शिवाय चुकीच्या गठ्ठ्यात आहे. पुस्तिका त्याला अधिकृत धर्म असलेल्या देशांत धरते. १९१९च्या वायमार घटनेच्या १३७व्या कलमाने ‘राज्याचं चर्च असणार नाही’ असं सांगितलं आणि ते मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मनीच्या आजच्या घटनेच्या, १४०व्या कलमाने चालू ठेवलंय. सरकार कर गोळा करून देतं म्हणून धर्म अधिकृत ठरत नाही. नॉर्वेचा पत्ता जुना आहे. २०१२च्या घटनादुरुस्तीनंतर तिथलं लुथरन चर्च ‘लोकांचं चर्च’ म्हणून घटनेत उरलं आणि १ जानेवारी २०१७ पासून ते स्वतंत्र कायदेशीर संस्था झालं, पाद्री सरकारी नोकर राहिले नाहीत. मात्र सरकारी अनुदान थांबलेलं नाही, त्यामुळे पत्ता फेकू नका, ‘बाहेर पडण्याची वाट’ या रकान्यात हलवा. त्या रकान्याला स्वीडन (१ जानेवारी २०००), आयर्लंडमधलं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, चर्च (१८७१) आणि वेल्स (१९२०) हे पत्ते आहेतच. वेल्समध्ये नुसतं नाव काढलं नाही, चर्चच्या जुन्या मालमत्तेचा काही भाग काउंटी कौन्सिलं आणि विद्यापीठाकडे गेला. एकदा जोडलेलं तोडायला किती हिशोब करावे लागतात, हे त्या एका पत्त्यावरून कळतं.

अनुकूल बाजूला हा संच अन्याय करत नाही, याचं श्रेय द्यायला हवं. डेन्मार्क, इंग्लंड, आइसलँड हे अधिकृत चर्च असलेले देश आहेत आणि तिथे इतर धर्मीय, नास्तिक मोकळेपणाने राहतात, हा मुद्दा खरा आहे आणि त्याला टाळून चालत नाही. त्याचं उत्तर ‘न्यायालय’ या रकान्यात सापडतं. ग्रीसमध्ये मिनोस कोक्किनाकिस या यहोवा विटनेस पंथाच्या माणसाला, म्हणजे पुन्हा ख्रिस्ती परंपरेतल्याच माणसाला, दुसऱ्या घरी जाऊन धर्माविषयी बोलल्याबद्दल शिक्षा झाली. धर्मप्रसारबंदीच्या कायद्याखाली त्याला आयुष्यात साठहून अधिक वेळा अटक झाली होती. १९९३ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ग्रीसच्या विरोधात निकाल दिला. मग बोलावं ते असं: ज्या देशांत अधिकृत चर्च असूनही मोकळीक टिकली, तिथे ती अधिकृतपणाने दिलेली नाही. ती दुसऱ्या कायद्यांनी आणि न्यायालयांनी दिलीय. इंग्लंडमध्ये ईशनिंदेचा जुना गुन्हा २००८ मध्ये कायद्याने रद्द करावा लागला, तोही फक्त ख्रिस्ती श्रद्धेलाच संरक्षण देत होता.

भारताचा पत्ताच नाही, ही उणीव मात्र खटकते. प्रश्न परदेशाचा असला तरी परीक्षक हमखास विचारतात, ‘आपल्याकडे?’ कोरा पत्ता घ्या आणि स्वतः भरा. कलम २७: विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायची सक्ती नाही. कलम २८: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण नाही. कलम २९०अ: केरळने दरवर्षी ४६ लाख ५० हजार आणि तमिळनाडूने १३ लाख ५० हजार रुपये देवस्वम (मंदिरांच्या) निधींना द्यायचे, म्हणजे आपल्या घटनेतही धर्मस्थळांसाठी रकमेसकट तरतूद आहे, आणि हे प्रतिपक्षाने काढलं तर गडबडू नका. सर्वोच्च न्यायालयातला १९९४चा बोम्मई खटला: धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग. इंग्रजी अमलाची ओळही घाला. १८१३च्या सनदेपासून कलकत्त्याचा अँग्लिकन बिशप आणि छावण्यांतले पाद्री सरकारी पगारावर होते. इंडियन चर्च ॲक्ट १९२७ मध्ये झाला आणि इथल्या अँग्लिकन चर्चचं इंग्लंडच्या चर्चशी असलेलं कायदेशीर बंधन १९३० मध्ये सुटलं. आपल्या शहरासाठी एक ओळ राखून ठेवा: सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने १९१५ मध्ये हिंदू पुरोहितांसाठी परीक्षेचा कायदा केला. हेतू चांगला होता. तरी पुरोहित कोण व्हावं हे सरकार ठरवू लागलं, हे खरं, आणि मराठी श्रोत्यांना डेन्मार्कपेक्षा हे उदाहरण चटकन पोचतं.

छपाईबद्दल थोडक्यात. पत्ते जाड कागदाचे आहेत, पण लॅमिनेशन नाही. पावसाळ्यात कडा वर वळतात, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पत्ते रबरबँडने न बांधता सपाट ठेवा, रबराने मधोमध घडी पडते. युरोपचे पत्ते मागून किंचित गडद निळे निघालेत, त्यामुळे सराईत मुलगा न बघताच युरोप उचलतो. गठ्ठा उलटा न ठेवता पिशवीतून पत्ते काढायला लावा. वाळूचं घड्याळ तीन मिनिटांचं म्हणून दिलंय, त्यावर विसंबू नका, मोबाइल लावा. रकान्यांचे रंग एकमेकांशी जवळचे असल्याने मागच्या रांगेतल्या मुलांना ‘शाळा’ आणि ‘न्यायालय’ वेगळे दिसत नाहीत. मार्करने रकान्यांवर १ ते ६ आकडे घालावेत.

आठवीच्या खालच्या मुलांसाठी हा संच नाही. नववी ते पदवीपर्यंतच्या गटांनी आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी तो जरूर घ्यावा. एका संचावर दोन संघ आणि एक परीक्षक एवढेच बसतात, मोठा वर्ग असेल तर दोन पेट्या लागतील. पुस्तिकेच्या १४व्या पानावर अधिकृत ख्रिस्ती देशांची संख्या १३ दिलीय. हा आकडा प्यू संशोधन केंद्राच्या २०१७च्या पाहणीतला आहे: १९९ देश पाहिले, ४३ मध्ये अधिकृत धर्म, त्यांपैकी २७ मध्ये इस्लाम आणि १३ मध्ये ख्रिस्ती. पानावर सालही नाही आणि स्रोतही नाही. समासात दोन्ही लिहून ठेवा, कारण परीक्षकाने ‘कोणी मोजलं?’ विचारलं की निम्मे संघ इथेच अडतात.